मोजणी कुठे थांबवायची

शहादे, १२ जानेवारी १९६७

हाडाच्या कॅन्सरवरच्या नव्या औषधाची चाचणी मुंबईत ठरत होती, तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले होते, रोगी किती जगतो ते मोजू. मीच भांडलो. मरणाची वाट कशाला बघायची? रोग हाडातून फुप्फुसात पसरून छातीच्या फोटोत गाठ दिसली की औषध हरलं, मोजणी थांबवा, सुया बंद करा. निकाल लवकर कळेल. माझंच म्हणणं मान्य झालं.

आज चाचणीतल्या मंजुळेच्या फोटोत गाठ दिसली. तो फोटो घेऊन तिच्या गावी, कळसाडीला गेलो. पाय कापलेली ती पोर ओट्यावर बसून कापूस निवडत होती, आईला हसवत होती. माझ्या मोजणीत ती आज संपली, आणि ती कापूस निवडत होती. हे असं दिसेल, हे मला तेव्हा कसं सुचलं नाही?

मी म्हणालो, "मंजुळा, आता सुया बंद."

पुढचं बोलणार, तोच ती आईकडे वळली. "माय, मन्हा रोग गया."

आईनं घरातून गूळ आणून माझ्या हातावर ठेवला. फोटो पिशवीतच होता. मी गूळ खाल्ला.