मेहुण्याच्या मोटारीला रीड स्विच

२१ सप्टेंबर २००३, रविवार.
आजपासून स्वतःचा धंदा. सातपूरच्या कंपनीत बिनडोक सुपरवायझरखाली अकरा वर्षं काढली, वीट आला. पहिलं गिऱ्हाईक मेहुणा खंडेराव, निफाड. विहीर उपसली तरी त्याची मोटार फिरत राहते आणि जळते. पाइपावर फ्लो मॉनिटर बसवणार. पाणी थांबलं की मोटार आपोआप बंद. नीट चाललं तर सगळ्या द्राक्षवाल्यांना माझंच नाव सांगतो म्हणाला.

२४ सप्टेंबर.
पंपघर की उकिरडा! पाली, ग्रीस, शी. रीड स्विच म्हणजे काडीएवढी काचेची नळी. पाण्याच्या जोराने मॉनिटरमधलं चुंबक वर येतं, नळीतल्या पट्ट्या जुळतात, दिवा लागतो, मोटार चालू राहते. वायर जरा वाकवली तर नळीच फुटली. हलका माल. मॅन्युअल बारीक टायपात. वाचलं नाही. अनुभव आहे.

२८ सप्टेंबर.
दुसरा स्विच. वर सरकवला, खाली सरकवला. दिवा लुकलुकतो, मोटार दर पाच मिनिटांनी बंद. खंडेराव कुरकुरला, छाटणी झालीय, आता पाणी तुटलं तर वेलींचे डोळे फुटायचे नाहीत. म्हटलं, ऍडजस्टमेंटला वेळ लागतो. सासूबाईंचा चहा गुळाचा. शी.

४ ऑक्टोबर, खंडेनवमी.
सासूबाईंनी मोटारीची पूजा केली, मॉनिटरला विसरल्या. मीच स्कूटरवरचा चिकटणारा गणपती काढला आणि स्विचला खेटून पत्र्यावर बसवला. हळदकुंकू, झेंडू. आणि काय! दिवा लागला तो लागलाच. तासभर मोटार एकदाही बंद नाही. शेवटी हात माझा. व्हिजिटिंग कार्ड छापायला टाकतो.

६ ऑक्टोबर.
सासूबाईंचा फोन. पुसायला देव उचलला की म्हणे दिवा जातो, ठेवला की लागतो. म्हटलं, तुमचे हात ओले असतील, लांब राहा. अडाणीपणाची किळस येते.

९ ऑक्टोबर.
मोटार जळली. विहीर कोरडी, दिवा चालू. खंडेरावने माझ्यासमोर गणपती उचलला, दिवा गेला. ठेवला, लागला.
"दाजी, याच्या पोटात चुंबक हाय."
हे मला माहीत नव्हतं असं नाही. लक्षात नव्हतं.

१२ ऑक्टोबर.
मोटार नवं वायंडिंग भरून आली. मॉनिटर काढून ठेवला. माझ्या भावाची बाग वाळवू नका म्हणत बायकोने, सुवर्णाने, बॅग भरून मला इथे धाडलं. बाग फुटेपर्यंत पाइपाच्या तोंडाशी बसायचं, पाणी थांबलं की हाक मारायची. जबाबदारीचं काम आहे, कुणालाही जमणारं नाही. सासूबाईंनी स्वतः खुर्ची मांडून दिली. म्हणाल्या, जावईबापू, तुम्ही फक्त हाक मारा, बटणाला हात लावू नका.