नियम चौथा: बोटीचा पाय

गुरुवार, नऊ तारीख

आदरणीय मामा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार, आणि डोकं तिथेच ठेवून एक दुरुस्ती. मागच्या महिन्याच्या पत्रात मी लिहिलं होतं, की आमची नवी बोट बुडाली ती हळूमिस्त्रींनी जुनं रबर बसवल्यामुळे. ते खोटं आहे. रबर नवं होतं. बोट माझ्यामुळे बुडाली. (हे वाक्य मी चार कागदांवर चार प्रकारे लिहून पाहिलं. 'काही अंशी माझ्यामुळे' हे सगळ्यांत छान दिसत होतं, म्हणून तो कागद आधी फाडला.)

आता, तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? (काढा मी सांगितला होता. कृपा करून एकदा डॉक्टरांना विचारून घ्या. हल्ली मी सांगितलेल्या कुठल्याच गोष्टीवर माझा विश्वास उरलेला नाही.) इकडे आई बरी आहे. बाबांनी जुनी बोट पुन्हा बाहेर काढली आहे, त्यामुळे दवाखान्यातल्या नर्सबाई आणि शाळेच्या बाई वेळेवर खाडीपलीकडे पोचतात. हे पत्रही त्याच बोटीने तुमच्या धक्क्यावर येईल. पाकीट मी चारही कडांनी डिंक लावून चिकटवलं आहे. बाबांना वाचता येत नसलं तरी माझं पत्र हाती आलं की ते कुणा तरी प्रवाशाकडून मोठ्यांदा वाचून घेतात, आणि मध्येच थांबवून, "हे आमच्या पोरीने स्वतः लिहिलंय बरं का," असं बाकीच्यांना सांगतात. हे पत्र नर्सबाईंनी भर खाडीत वाचून दाखवावं असं मला वाटत नाही.

सगळं सुरुवातीपासून सांगते. आपल्या जुन्या बोटीचं इंजिन तिच्या पोटात आहे. तिथून एक सरळ दांडा मागे जातो आणि त्याच्या टोकाला पंखा. दांडा जिथून बाहेर पडतो तिथे थेंबथेंब पाणी आत येतं, आणि ते यायलाच हवं, नाहीतर दांडा तापतो. बावीस वर्षं ती अशी ठिबकते आहे आणि बावीस वर्षं निमूट चालते आहे. मासेमारीच्या छोट्या बोटींचं इंजिन मागे बाहेरच टांगलेलं असतं. बिघडलं तर दोघांनी उचलून मिस्त्रीकडे न्यायचं, आणि काम संपलं की कलतं करून पाण्याबाहेर काढून ठेवायचं. नवी बोट या दोन्हींच्या मधली. तिला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. इंजिन आत आणि पंखा बसवलेला पाय तेवढा बाहेर, म्हणजे माणसाने घरात बसून पाय अंगणात सोडावेत तसं. यात सोय खूप आहे. पाय डावीउजवीकडे वळतो, त्यामुळे धक्क्याला लागताना बाबांना शिव्या द्याव्या लागत नाहीत. बसायला जागाही जास्त मिळते. पण हा पाय बाहेर काढायला बोटीच्या पाठीला ताटाएवढं भोक पाडलेलं असतं, आणि त्या भोकातून आत येऊ बघणारी अख्खी खाडी अडवायला फक्त एक रबराचा भाता असतो. लोहाराच्या भात्यासारखाच, घड्याघड्यांचा. माणसाची लाज एका बटणावर असते, तशी या बोटीची या रबरावर. शिवाय पायातलं तेल वेळच्या वेळी बदलायचं, ते दुधासारखं दिसलं तर आत पाणी शिरलं असं समजायचं, आणि पाय गंजू नये म्हणून त्याला लावलेले जस्ताचे ठोकळे झिजले की नवे लावायचे. जुन्या बोटीला यातलं निम्मंही लागत नाही. हे सगळं बोट घेण्याआधी मला माहीत नव्हतं. बोटीबरोबर एकशे चाळीस पानांचं माहितीपुस्तक आलं, त्यात ते होतं.

आणि ते पुस्तक वाचणार कोण? आपल्या घरात शाळेचा दाखला हाती घेतलेली मी पहिली. तुम्हाला आठवत असेल, दाखला आणला त्या दिवशी बाबांनी तो उलटा धरून पाच मिनिटं बघितला होता. तर रोज जेवताना मी एक पान वाचायचं, आणि बाबांनी घास हातात धरून ऐकायचं, असं सुरू झालं. (पुस्तक वाचलं जात असताना जेवलं तर त्याचा अपमान होतो, असं त्यांचं मत. आईचं मत वेगळं होतं, कारण रोज अन्न गार व्हायचं.) साठाव्या पानापर्यंत आलो तेव्हा बाबा म्हणाले, एवढं कुणाच्या लक्षात राहणार, नियम लिहून दे. मी अकरा नियम लिहिले. दोन रंगांच्या शाईत, समास सोडून. त्यावर प्लॅस्टिक चढवलं आणि ते कार्ड सुकाणूशेजारी चिकटवलं. नियम चौथा असा: 'बोट उभी असताना पाय नेहमी वर उचलून ठेवावा.'

मामा, हा नियम पुस्तकात नव्हता. मासेमारीच्या बोटींचं इंजिन वर करून ठेवतात, तर आपलाही पाय वर असलेला बरा, पाण्याबाहेर राहिला तर गंजणार नाही, शिंपले धरणार नाहीत, असा मी विचार केला. विचार इतका सरळ होता की तो पुस्तकात असणारच असं मी धरून चालले. (आणि नियम दहाच होत होते. अकरा बरे दिसतात असं मला वाटलं. हे मी याआधी कुणालाही सांगितलेलं नाही.)

हळूमिस्त्री तुम्हाला माहीत आहेत. एक बोल्ट आवळला की चार पावलं मागे जाऊन त्याच्याकडे बघत उभे राहतात, म्हणून हे नाव. बोट बुडायच्या आठ महिने आधी त्यांनी नवा भाता बसवला. त्यानंतर एकदा धक्क्यावरून जाताना थांबले आणि म्हणाले, "ताई, पाय खाली सोडून ठेवत जा. वर ठेवला की रबर दुमडून राहतं." मी उलट बोलले नाही. नम्रपणे त्यांना कार्ड दाखवलं. त्यांनाही वाचता येत नाही, पण त्यांनी ते खूप वेळ बघितलं, प्लॅस्टिकवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल." आणि गेले. माझ्या नम्रपणाचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. शनिवारी दुपारी बोट धक्क्याला बांधली, पाय वर केला. सोमवारी सकाळी बघतो तर पाण्यावर फक्त छप्पर, आणि त्याच्याभोवती तरंगणाऱ्या चार उशा. पाणी उपसणारा पंप बॅटरी संपेपर्यंत एकटाच झगडला असणार. आठ महिन्यांत भाता फाटला, तर रबर जुनंच असणार, असं सगळा धक्का म्हणाला. मी तेच, शुद्धलेखन तपासून, तुम्हाला कळवलं, आणि तुम्ही ते बोटमालकांच्या बैठकीत वाचून दाखवलंत. त्या दिवसापासून पलीकडच्या एकाही बोटीने मिस्त्रींना हाक मारलेली नाही. परवा मी त्यांना बाजारात बघितलं. ते एका दुकानाच्या पायरीवर बसून मिक्सर दुरुस्त करत होते. स्क्रू लावून झाला की बसल्या जागीच मान मागे घेऊन त्याच्याकडे बघत होते. मागे सरकायला पायरीवर जागा नव्हती.

बोट वर काढल्यावर इंजिन वाळत घातलं, आणि मी राहिलेलं पुस्तक वाचायला घेतलं, कारण अर्धं सोडलेलं पुस्तक मला बघवत नाही. पान सत्त्याऐंशी: बोट उभी असताना पाय खाली ठेवावा, वर राहिल्यास भात्याच्या घड्या ताणलेल्या राहून तडकतात. मी अंगणात ठेवलेल्या बादलीतून फाटका भाता काढला. पाय वर असताना जी घडी ताणली जाते, बरोबर त्याच घडीवर तो चिरला होता. आतल्या बाजूला कारखान्याची तारीख छापलेली होती. गेल्या वर्षीची.

मी लगेच बाबांना सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छापताना चुकलं असेल." मी म्हटलं, बाबा, पुस्तक कारखान्यातल्या इंजिनियरांनी लिहिलंय. तर म्हणाले, "मग त्यांना पत्र लिही. त्यांना कळवायला हवं." आईने माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि वाचन बंद करून झोपायला सांगितलं. मामा, मी या घरात चुकूच शकत नाही. वह्या मिळाव्यात म्हणून आईने इतकी वर्षं जुनी लुगडी दंड घालून नेसली, आणि आता मी चुकले म्हणायचं तर ती लुगडीच वाया गेली असं तिला वाटणार.

शेवटी मिस्त्रींकडे गेले. वाटलं होतं, रागावतील, बरं होईल. त्यांनी बसायला स्टूल पुसून दिलं. म्हणाले, "मी बोललो होतो, ताई. पण तुम्ही कार्ड दाखवलंत. मला वाटलं, माझेच हात तीस वर्षं चुकत आले असतील." आणि मग, मला वाईट वाटू नये म्हणून, "बाकीचे दहा नियम मात्र पक्के आहेत हां." मी स्टुलावर बसून रडले. मग त्यांनी मला मिक्सर कसा उघडतात ते दाखवलं.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची चुकलेली भाची

ता. क. स्टर्नड्राइव्ह घ्यावी की नको, असं तुम्ही मागच्या वेळी विचारलं होतं. माझं मत विचारून कृपया बोट घेऊ नका. मिस्त्री म्हणतात, दांड्याची बोट दुर्लक्ष सोसते, बाहेर टांगलेलं इंजिन उचलून नेता येतं, आणि स्टर्नड्राइव्हला रोज विचारपूस करणारा माणूस लागतो. असा माणूस असेल तर ती उत्तम, नसेल तर नको. तुमच्याकडे असा माणूस होता. तुम्ही त्याला माझ्या पत्रावरून काढलंत.

ता. क. दुसरा. खरं तर हे पत्र यासाठीच आहे. दोन्ही धक्क्यांवरच्या बोटींचं वर्षभराचं काम कुणाला द्यायचं ते पुढच्या बैठकीत ठरणार आहे, असं बाबा म्हणाले. मला त्या बैठकीत बोलायचं आहे, आणि चहाच्या आधी बोलायचं आहे, कारण चहानंतर माझा धीर टिकत नाही. मी बोलताना तुम्ही मध्ये उठून 'पोरीचं मन फार हळवं आहे' असं म्हणू नका. बाबांना तुमच्या शेजारी बसवा, आणि ते 'छापताना चुकलं' म्हणायला उठले तर त्यांचा सदरा धरा.

ता. क. तिसरा. माझं ते मागचं पत्र तुम्ही काच लावून बोटमालक संघाच्या कचेरीत टांगलं आहे, घरातल्या मुलीने लिहिलेला पहिला अहवाल म्हणून, हे नर्सबाईंकडून कळलं. मामा, मला फार बरं वाटलं. दोन दिवस बरं वाटलं, आणि मग झोप लागेना. ते तुम्ही गुपचूप उतरवून ठेवाल, म्हणून आधीच सांगते: त्याला हात लावू नका. भाता आणि पान सत्त्याऐंशी घेऊन मी बाबांच्या बोटीने येते आहे. मिस्त्रींनाही घेऊन येते. ते पत्र मीच खाली घेणार, आणि त्यातली कुठली ओळ खोटी आहे ते बैठकीत सगळ्यांसमोर वाचून दाखवणार: येत्या मंगळवारी, चौदा तारखेला, सकाळी दहा वाजता.