चौदा नंबरच्या जागेवरचा राजमा

प्रिय इडेलाताई,

धाकट्या व्हर्जिलचा नमस्कार. (वाकून केला आहे असं समज, गुडघा वाकत नाही.) तुझी कंबर कशी आहे? तुमच्या कॅन्ससच्या उन्हात ती बरी असेल. माझी प्रकृती ठणठणीत असून फक्त उभं राहिलं, बसलं किंवा आडवं झालं की दुखतं.

एकाहत्तराव्या वाढदिवसाची भेट म्हणून तू माझ्यासाठी ओढ्याकाठची चौदा नंबरची तंबूची जागा तीन दिवस राखून ठेवलीस, आभार. दहा हजार दोनशे फूट उंची. तंबूच्या चार खुंट्या ठोकताना मी सहा वेळा बसलो. जागेच्या खांबावर चिठ्ठी होती, 'ऑस्टबी'. आपलं नाव जंगलात वाचून बरं वाटलं. खुर्ची मांडून टेकतो न टेकतो तोच एक निळा ट्रक आला आणि त्यातून लोवेल उतरला. हो, माझा भाऊ, आपलाच लोवेल. त्यानेही चिठ्ठी वाचली, त्यालाही बरं वाटलं, आणि मग त्याला मी दिसलो. त्याच्याही खिशात तुझंच वाढदिवसाचं कार्ड, हीच जागा, हेच तीन दिवस. (संगणकाचा घोळ असणार. तुझ्यावर संशय घेणारा मी कोण?)

नऊ वर्षं आम्ही एकमेकांशी का बोललो नाही, हे तुला ठाऊकच आहे. बाबांची ती शेवटची सहल, हीच जागा. सकाळी पाहतो तर खाणं ठेवायची लोखंडी पेटी सताड उघडी, आणि आपल्या न्याहारीवर अस्वल. तळ रिकामा करावा लागला, बाबांचा एक दिवस बुडाला, आणि त्या हिवाळ्यात बाबाच गेले. कडी लोवेलने लावली नाही असं मी म्हणालो. व्हर्जिलने लावली नाही असं तो म्हणाला. तेव्हापासून आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

तळावर देखरेख करणाऱ्या ट्रुडीबाई वही घेऊन आल्या. नाव? ऑस्टबी. तुमचं? ऑस्टबी. "बाकी सगळ्या जागा भरल्यात. आडनाव एकच आहे ना? मग राहा की गुण्यागोविंदाने!" असं म्हणून त्या निघूनही गेल्या.

आता गंमत बघ. माझ्याकडे आईचं बिडाचं पातेलं होतं, पण आत घालायला काही नाही. लोवेलकडे आईच्या पद्धतीने भिजवलेला राजमा होता, पण भांडं नाही. भूक दोघांकडेही होती. सकाळी नऊला, एक अक्षर न बोलता, पातेलं विस्तवावर चढलं. आईच्या पाककृतीच्या कागदावर लिहिलंय, दोन तासांत मऊ. आई बिचारी सपाटीवरची. इतक्या उंचावर पाणी खळखळा उकळतं, पण त्यात म्हणावा तसा चटका नसतो. दोन तासांनी राजमा गोट्यांसारखा, चार तासांनी तसाच. पाचव्या तासाला लोवेल म्हणाला, "मीठ?" नऊ वर्षांतला पहिला शब्द. मी म्हणालो, "आत्ता नको." संभाषण इतकं रंगलं की मधे लाकडं आणायला उठावं लागलं.

सातव्या तासाला तो ओढ्याकडे बघत म्हणाला, "व्हर्ज, ती कडी मीच विसरलो असेन रे." मी म्हणालो, छे, मीच. तो म्हणाला, नाही, मी. मग आमचं पुन्हा कडाक्याचं भांडण जुंपलं. "तू लहानपणापासून असाच! चूकसुद्धा दुसऱ्याला करू देत नाहीस!" तो ओरडला. आणि ताई, मला रडू आलं. मी धुरावर ढकललं, पण धूर त्याच्या बाजूला जात होता. रडत तोही होता.

राजमा शेवटपर्यंत शिजला नाही. संध्याकाळी सहाला आम्ही तो तसाच चावला. माझी एक दाढ त्यात गेली.

तुझा,
व्हर्जिल

ता.क. आईचा प्रेशर कुकर तुझ्याकडे धूळ खात पडलाय. तो पाठवशील का? पुढच्या ऑगस्टला हीच जागा घ्यायचं ठरलंय.

ता.क. २. कुकर नको. लोवेल म्हणतो, वीस मिनिटांत शिजलं तर उरलेला दिवस बोलायचं काय?

ता.क. ३. एक राहिलंच. नवव्या तासाला लोवेलला आठवलं की अस्वलाने सगळं फस्त केलं, फक्त जर्दाळूचा मुरंबा सोडून. अस्वल मुरंबा सोडत नाही, ताई. बरणी तुझ्या तंबूत होती, आणि आमच्या आधी उठायचीस ती तूच. आम्ही दोघं इतके हसलो की ट्रुडीबाई धावत आल्या. तेव्हा पुढच्या वर्षी तूही ये. मुरंबा आण. कडी आम्ही लावू.