उजव्या रकान्यातला माणूस

बाई, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी अजूनही वहीचं पान उभं दुमडते. डावीकडे पाहिलेलं, ऐकलेलं. उजवीकडे त्यावरून मला जे वाटलं ते. संशोधन पद्धतीच्या पहिल्याच तासाला तुम्ही ही सवय लावलीत. कुणी डावीकडे 'मूल घाबरलं होतं' असं लिहिलं की तुम्ही शांतपणे विचारायचात, "हो का? भीती कुठल्या रंगाची होती?" आम्ही हसायचो.

आज तुमचं नारायण पेठेतलं स्वयंपाकघर आठवतंय. तुम्ही स्टुलावर बसून वाल सोलताय आणि मी मोठ्या अभिमानाने कोर्टात दिलेला माझा अहवाल तुमच्यापुढे धरलाय. सात वर्षांची एक मुलगी आठ महिने माझ्याकडे समुपदेशनाला येत होती. आई घेऊन यायची, बाहेर बसून रडायची. आईबापांचं भांडण कोर्टात गेलं तेव्हा आईच्या वकिलाने विचारलं, मुलीचा ताबा कुणाकडे असावा? मी लेखी मत दिलं. 'वडील तापट असून मुलीला त्यांची धास्ती वाटते.' तुम्ही चष्मा वर सरकवलात. "हे गृहस्थ तुला कुठे भेटले?" भेटले नव्हते. ते वारज्याला राहायचे. मी त्यांना साधा फोनही केला नव्हता. "म्हणजे मुलीला सावरणारी तूच आणि तिच्या बापाबद्दल कोर्टाला सांगणारीही तूच. सोय चांगली आहे." मी म्हटलं, बाई, तिने घराचं चित्र काढलं, त्यात वडील नाहीतच. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "कागद संपला असेल."

मग वालाची परात बाजूला ठेवलीत. "कोर्टाला पत्र लिही. हे आईने सांगितलं, मी वडिलांना पाहिलेलं नाही, एवढंच. उद्याच्या उद्या." मला तुमचा राग आला होता. जन्मभर फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या बाईला समोर रडणारी आई काय कळणार, असं मनात आलं. पत्र मी लिहिलं नाही. मुलगी आईकडे गेली. वडिलांना महिन्यातून दोन शनिवार, कोर्टातल्या एका खोलीत तासभर भेट. तुम्ही फोनवर विचारलंत, "लिहिलंस का?" मी हो म्हटलं. ते खोटं होतं, बाई. त्याच वर्षी तुम्ही गेलात.

परवा ती मुलगी आली. वडील गेल्या वर्षी वारले. त्यांच्या कपाटात तिला माझा अहवाल सापडला, त्या एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ मारलेला. म्हणाली, "मॅडम, मला भांडायचं नाहीये. वर्षभराने त्यांनी भेटायला येणं सोडलं, मला ते नीट आठवतसुद्धा नाहीत. फक्त सांगा, बाबा खरंच तसे होते का?" मी सांगितलं, मी त्यांना कधी भेटलेच नाही. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा तोंडातून निघालं. तिची नजर मला सोसेना, म्हणून मी चित्राचा आधार घेतला. तुझ्या चित्रात बाबा नव्हते ना, असं मी म्हणाले.

ती म्हणाली, "पण बाबांना मी कायम मागच्या बाजूला काढायचे. उंच होते ना, अख्खं पान लागायचं. तुम्ही उलटून नाही बघितलं?" आणि मग, अगदी हळू, "ते चित्र आहे का अजून?"

मी म्हटलं, जुने कागद आम्ही नियमाप्रमाणे नष्ट करतो. ती थँक्यू म्हणून गेली. जाताना दार अलगद लावून घेतलं.

चित्र आहे, बाई. तिच्या तेव्हाच्या नोंदींच्या वहीत, याच टेबलाच्या खणात. हे पत्रही तिथेच ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार? तिचा फोन नंबर समोर आहे. सकाळपासून दोनदा वही बाहेर काढली. चित्र मी अजून उलटून पाहिलेलं नाही.