पुस्तकात कावळा नाही

रविवार, ३ सप्टेंबर १९७८

आजपासून रोजनिशी. मनातलं कागदावर उतरवलं की डोकं थंड होतं म्हणे. माझं थंडच आहे. तरी.

बाबा गेल्या श्रावणात गेले. वर्ष उलटलं. तरी रोज संध्याकाळी मी कंपनीतून येऊन चहाला टेकलो, की त्यांच्या खोलीतून कागदाचा आवाज येतो. आधी सर्र. मग जरा थांबून, नखानं घडी दाबल्यासारखा. रिटायर झाल्यापासून ह्याच वेळेला ते टेबलाशी बसून कागदाच्या घड्या घालत. जन्मभर ड्रॉइंग मास्तर, म्हातारपणी ओरिगामी. एकेक छंद!

मी इन्स्पेक्शन डिपार्टमेंटचा माणूस. भुताखेतांवर विश्वास नाही. उंदीर आहे.

पद्माला विचारलं. पद्मा म्हणजे धाकटी बहीण. शाळेत शिकवते, घरही तीच बघते. म्हटलं, तुला काही ऐकू येतं का गं? कणीक मळतामळता म्हणाली, येतं की, बाबा आहेत. आणि पुढे मळत राहिली. धन्य आहे.

पिंजरा लावला. आत भजं.

सोमवार, ४ सप्टेंबर

पिंजरा रिकामा. भजं जसंच्या तसं. उंदीर हुशार आहे.

मंगळवार, ५ सप्टेंबर. संध्याकाळ

विचार केला. निदान झालं. दोष गुरुजींचा.

दहाव्याला पवनेच्या घाटावर पिंड ठेवला तेव्हा कावळा शिवेना. भिंतीवर येऊन बसला, मान वाकडी करून बघितलं, आणि आमच्याकडे पाठ केली. गुरुजी म्हणाले, इच्छा राहिलीय, काय ते बोला. मी बोललो की! गच्ची गळते ती दुरुस्त करीन म्हणालो. सायकल विकणार नाही म्हणालो. पुस्तकं जपून ठेवीन, काशीला जाऊन येईन. सगळं बोललो. कावळा ढिम्म. पद्मा माझ्या शेजारी उभी. हळूच म्हणाली, दादा, ते म्हण ना. मी म्हणालो, ऊन फार झालंय.

ते म्हणजे ज्योतीरामचं. आमच्याच कंपनीत फिटर. लातूरकडचा, राहतो सांगवीला. बाबांकडे घड्या शिकायला यायचा. घड्या काही आल्या नाहीत, पद्माशी मात्र जमलं. आपल्यातला नाही. पण बाबांना पसंत. दवाखान्यात शेवटी माझा हात धरून म्हणाले, हरिहर, पद्माचं त्या पोराशी लावून दे. अगदी स्पष्ट म्हणाले. पण अंगात ताप होता. तापात माणूस काय वाट्टेल ते बोलतो.

माझा विरोध नाही. विषय विचाराधीन आहे. ती गेल्यावर माझ्या डब्याचं काय, स्टोची पिन कुठे असते, धोब्याचा हिशोब कोण ठेवणार, असले विचार माझ्या मनाला शिवलेसुद्धा नाहीत.

तर, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. कावळा शिवत नसला की करतात तसा. मुंडकं कुठलं नि शेपूट कुठली पत्ता नाही. असला माल माझ्या टेबलावर आला असता तर लाल शिक्का मारून परत पाठवला असता. तोच पिंडाला टेकवला आणि म्हणे झालं! बाबांनी अर्धी घडी वाकडी गेली तर कागद टाकून द्यावा, आणि त्यांच्या आत्म्यानं ह्या गचाळ कामावर समाधान मानायचं? म्हणून हा आवाज.

उपाय: पक्का, मापात बसणारा कावळा. कागदाचा. त्यांच्याच पुस्तकातून. सर्वपित्रीला गच्चीवर पान ठेवायचं आणि कावळ्यानं विधिपूर्वक शिवायचं. बाबांची तिथी नवमी, पण नवमीला मुंबईचे लोक आमची मोजमापाची गेज तपासायला येणार. सर्वपित्रीला सगळे चालतात. शिवाय दोन ऑक्टोबर, सुट्टी.

बुधवार, ६ सप्टेंबर. गणेश चतुर्थी

पुस्तक काढलं. इंग्रजी, जुन्या बाजारातलं, पाठीला बाबांनी खळ लावून कापडाची पट्टी चिकटवलेली. भाषा सोपी. तुटक रेघ म्हणजे आतली घडी, मध्ये टिंबं असली तर बाहेरची. आयुष्य ड्रॉइंग वाचण्यात गेलं. आठवड्यात संपवतो.

अडचण एकच. पुस्तकात कावळा नाही. बेडूक आहे, होडी आहे, डबी आहे, करकोचा आहे. कावळा नाही. साहेबाच्या बापाला पिंड नसतो, त्याला काय होय!

हरकत नाही. कावळा म्हणजे मान आखूड केलेला करकोचा. डिझाइनमध्ये किरकोळ बदल.

रविवार, १० सप्टेंबर

वर्तमानपत्रावर पहिला प्रयत्न. करकोचा. एका पायरीला पुस्तक म्हणतं, टोक धरून वर उचलावं, कडा आपोआप आत येतात. आपोआप काहीएक येत नाही. मी उचलतो, कडा बाहेर जातात. पुस्तकात चूक असावी.

शेजारच्या विमलबाई गणपतीच्या दर्शनाला आल्या. माझा करकोचा उचलून त्यात प्रसादाचे शेंगदाणे भरून घेतले आणि म्हणाल्या, बरी झाली हो पुडी. घेऊन गेल्या.

संध्याकाळी आवाज होताच. आज जास्त वेळ.

गुरुवार, १४ सप्टेंबर

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सराव. काळा कागद म्हणून कार्बन पेपर वापरला. कल्पना उत्तम. मात्र नंतर तपासलेल्या प्रत्येक कार्डावर माझा अंगठा उठला. साहेबांनी विचारलं, जोशी, हे काय, गुन्हेगारांसारखं? म्हणालो, शाई गळते.

उद्यापासून काळा घोटीव कागद. निग्रह: रोज संध्याकाळी एक पक्षी. काही झालं तरी.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

थकलो होतो. पक्षी नाही.

सोमवार, १८ सप्टेंबर

कॅंटीनमध्ये ज्योतीराम समोर येऊन उभा. पद्मानं सगळं सांगितलेलं दिसतंय. म्हणाला, साहेब, मदत करावं म्हणलं तर मला नुसती होडीच येती. पर बाबा म्हणायचे, घडी घालताना कागदावर चिडू नये, कागद ध्यानात ठेवतो. मी म्हणालो, मी चिडत नाही. हातातला चमचा वाकला होता, तो कॅंटीनच्या चमच्यांचा दर्जा.

मग मान खाली घालून म्हणाला, पुण्याला नोटीस लावलीया साहेब. पाच तारखेला सह्या. साक्षीदार म्हणून तुमी यावं असं पद्माचं लई मन हाय. तुमी आला नाहीत तर ती रडंल, पर लग्न करंल. मी म्हणालो, बघू.

दुपारी त्यानं घासलेले दोन बुश, म्हणजे दांड्यावर बसतात त्या कड्या, रिजेक्ट केले. मापाबाहेर होते. वैयक्तिक काही नाही.

गुरुवार, २१ सप्टेंबर

आज धीर करून, म्हणजे धीराचा प्रश्नच नव्हता, बाबांच्या खोलीत त्यांच्याच टेबलाशी बसलो. दिवेलागणीची वेळ. पद्मा स्वैपाकघरात, फोडणीचा वास. मी कागद घेतला आणि आवाज थांबला. म्हटलं, बघा! माणूस आला की उंदीर पळतो.

पहिली घडी बरी. दुसरी बरी. तिसरी घातली आणि पाठीमागून कोणीतरी जिभेनं 'च्' केलं.

बाबा करायचे तसंच. मी पाटीवर बेरीज चुकलो की करायचे. मी मागे वळलो नाही. घडी उलगडली, पुन्हा घातली. ह्या वेळी नीट. मग काही नाही.

पाल असावी. आमच्या घरात पाल आजवर कोणी बघितलेली नाही. पण असावी.

जेवताना पद्मा म्हणाली, दादा, भातावर पाणी का ओततोयस? सांगितलं, आमटी तिखट आहे.

मंगळवार, २६ सप्टेंबर

जमलं! कडा आपोआप आत आल्या! मी काहीच केलं नाही, टोक धरून उचललं आणि त्या आल्या. खोलीत एकटाच 'वा!' म्हणालो. मान वर केली, बाबांना दाखवायला. खुर्चीत बाबा नाहीत. म्हणजे मीच तिच्यात बसलो होतो.

 मूर्खपणा.

रविवार, १ ऑक्टोबर

कावळा तयार. मान आखूड, चोच भक्कम, पंख मिटलेले. कागद अख्खा ताव, त्यामुळे आकार खऱ्याएवढा. पुस्तक म्हणतं कात्री नको, डिंक नको, वरून काही लावणं नको. तरी कडुलिंबाखाली सापडलेलं खरं कावळ्याचं पीस शेपटीत खोचलं. नियमात सवलत. मंजूर करणारा मीच.

लांबून बघितलं तर मीच हाकलायला हात उचलला, इतका हुबेहूब. बाबा खूष होणार.

पद्मा दारात येऊन बराच वेळ बघत होती. म्हणाली, दादा, खरंच छान झालाय. मग म्हणाली, उद्या पानाशी उभा राहून तेवढं एक वाक्य म्हण रे. मला पळून गेल्यासारखं नाही जायचं. मी तिला समजावलं, अगं प्रश्न तांत्रिक होता, सुटला आता. ती पोळ्या लाटायला गेली.

सोमवार, २ ऑक्टोबर. सर्वपित्री

घाईत लिहितोय. डोक्याला हळद लावलेली आहे.

दुपारी गच्चीवर पान ठेवलं. खीर, वडे, भाजी, सगळं पद्मानं केलेलं. ज्योतीराम खाली अंगणात उभा, वर यायला बिचकत. एक खरा कावळा तारेवर येऊन बसला होता. भुकेला वाटला. मी माझा कावळा काढला आणि बाबांचं नाव घेऊन पानाच्या कडेला टेकवला.

तारेवरचा कावळा किंचाळला.

बघताबघता कासारवाडीतले सगळे कावळे आमच्या गच्चीवर. रेल्वेच्या खांबांवरून आले, विमलबाईंच्या पत्र्यावरून आले, आकाश काळं. काव काव काव! एकही पानाजवळ येईना, सगळे माझ्या डोक्यावर घिरट्या घालतायत. विमलबाई खालून ओरडल्या, अहो, मेलेला कावळा वाटतोय त्यांना, तुम्हीच मारला असं वाटतंय, टाका तो! मी टाकणार कसा? महिन्याचं काम. छातीशी धरला. तेव्हा एकानं टाळू फोडली.

मी जिन्यात बसलो. पद्मा आली. माझ्या हातातून कावळा काढून घेतला, अलगद, घडी न मोडता, आणि पदराखाली झाकला. हळूहळू आरडाओरडा निवला. ती पानाशी गेली. मागे वळून माझ्याकडे बघितलं, थांबली. चांगली थांबली. मी म्हणणारच होतो. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण रक्त डोळ्यात येत होतं.

मग तीच म्हणाली, बाबा, गुरुवारी माझं लग्न आहे. दादाचं मला ठाऊक नाही. तुम्ही जेवा.

कावळा आला. वडा उचलला. इतका सरळ आला, की जणू वर्षभर कठड्यामागे वाट बघत होता.

पद्मा तिथेच बसून रडली. ज्योतीराम धावत वर आला. त्यांच्यात मी काय बोलणार, खाली आलो.

योगायोग. माझा कावळा झाकला म्हणून खरा आला.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

संध्याकाळी आवाज नाही. कालही नव्हता. म्हणजे उपाय लागू पडला! कार्यपद्धतीत थोडी गडबड, पण निकाल महत्त्वाचा.

पद्माला सांगितलं, बघ, थांबला की नाही? ती ट्रंक भरत होती. म्हणाली, जेवून गेले दादा. आता कशाला येतील?

बुधवार, ४ ऑक्टोबर

निग्रह: उद्या अर्धी रजा. साक्षीदाराची सही करायची. शर्टाला इस्त्री केली. स्वतः. कॉलर जरा जळली. भेट म्हणून करकोच्यांची जोडी, पांढऱ्या कागदाची. करून घेतो, आता येतंय सगळं.

गुरुवार, ५ ऑक्टोबर. संध्याकाळ

पद्मा सकाळीच गेली. पाया पडली. डबा भरून ठेवला होता. स्टोची पिन कुठे असते ते दाखवलं. मी म्हणालो, तू हो पुढे, मी येतोच.

बस स्टॉपपर्यंत गेलो होतो. जळकी कॉलर झाकायला मफलर गुंडाळला होता, ऑक्टोबरच्या उन्हात. तिथे लक्षात आलं की करकोचे घरीच राहिले. रिकाम्या हातानं बहिणीच्या लग्नाला जायचं बरं दिसत नाही. परत आलो. एकाची मान सैल वाटली. उलगडला. पुन्हा घातला. मग दुसरा त्याच्याशी जुळेना. तोही उलगडला. कडा बाहेर जायला लागल्या. मान वर केली तेव्हा कंपनीचा संध्याकाळच्या सुट्टीचा भोंगा होत होता.

सही विमलबाईंनी केली. त्यांनीच येऊन सांगितलं. म्हणाल्या, तुमच्यासाठी रजिस्ट्रारला अर्धा तास थांबवलं हो पोरीनं.

चहा केला. पाणचट झाला. बाबांच्या खोलीत खुर्चीवर बसलो. रोजची वेळ झाली. काही नाही. बाहेर गाडी गेली, मग तेही नाही. मुद्दाम एक घडी चुकीची घातली. वाकडी, अगदी डोळ्यात भरेल अशी. पाठीमागे कोणी 'च्' केलं नाही.

कागद घेऊन मीच जरा सर्र करून बघितलं. नखानं घडी दाबली. तसा आवाज येत नाही.

पिंजऱ्यात नवीन भजं ठेवलंय.