बडे अब्बांचं बक्षीस

सोलापूर,
११ मार्च १९८३

मेहरुनला खुर्शीद आपाचा सलाम आणि दुवा. हे अम्मीला वाचून दाखव, पण बडे अब्बा घरात नसताना.

मी मजेत हाय. ऑर्केस्ट्रात दोन गाण्यांच्या मधी नकला करते, दोन्ही वेळ पोटभर जेवते. अम्मीला सांग, स्टेजवरबी डोक्यावरचा पदर ढळू देत न्हाई. तिचा खोकला कसा हाय?

बडे अब्बांच्या पोरीच्या हळदीत, बायकांच्या ढोलकीवर मी त्यांची नक्कल केलती. पडद्याआडून ऐकून त्यांनी मला समद्यांसमोर मारलं आणि घराबाहेर काढलं. ते मी विसरले न्हाई.

परवा हुमनाबादच्या जत्रेत आमचा कार्यक्रम होता. पहिल्याच रांगेत बडे अब्बा! माझ्या तोंडाला रंग, नाव मिस चांदनी. त्यांनी वळखलं न्हाई. मी तीच नक्कल केली. तसंच खाकरणं, तसंच दाढी कुरवाळणं, अम्मीच्या ताटातली बोटी उचलून "औरतां कू गोश्त नक्को" म्हणणं. ते मांडी बडवून हसले आणि खुशीनं स्टेजवर बक्षीस धाडलं.

बक्षीस देणाऱ्याचं नाव माईकवर सांगावं लागतंय. मी अदबीनं सांगितलं, "हळ्ळीखेडचे मौलासाब. आत्ताची नक्कल त्यांचीच, आणि मी त्यांची पुतणी खुर्शीद."

सगळा मंडप हसला. ते एकटेच हसायचे थांबले.

त्याचा राग तुमच्यावर काढायलेत का? तसं असंल तर लगेच लिही, दोघींना इकडं आणते, खोली बघून ठेवलीय. आणि खरं सांग, आता ते खाकरले की अम्मी पदरात तोंड घालून हसती का?

तुझीच,
खुर्शीद आपा