सर्वजोड

रविवार, ८ मार्च

दाजी,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तुमच्या मुलीची परीक्षा चालू आहे, गणिताचा पेपर सोपा गेला म्हणते. नळाला पाणी कमी दाबानं येतंय, पण भागतंय. प्रदर्शनात तुमच्या टेबलाशी गर्दी असेलच, तुम्ही बोलायला लागलात की माणसं थांबतात. एवढी खुशाली पुरे.

फोन केला नाही, कारण फोनवर तुम्ही पहिल्याच वाक्याला मला हसवता आणि एकदा हसल्यावर मला रागावता येत नाही. हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. म्हणून पत्र. ते वाचताना मधे बोलायची सोय नाही.

गुरुवारी सकाळी मी रेकॉर्डिंगवाल्या बाईंकडे गेलो होतो. आंधळ्या मुलांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात, त्या. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या त्यांच्या खोलीत शिरताच वास आला. जळक्या सर्किटचा वास एकदा नाकात बसला की जेवतानाही जात नाही. हेडफोनचा अँप्लिफायर त्यांनी टॉवेलवर ठेवला होता, शेजारी आपला जोडणीचा तुकडा, सर्वजोड, आणि त्याचा डबा. म्हणाल्या, "हेडफोन जुना, अँप जुना. मधे नवीन फक्त हा तुमचा तुकडा. लावला, आवाज आला, आणि दोन पानं वाचून होताहेत तोवर धूर."

मी माफी मागितली. अँप दुरुस्त करून देतो म्हणालो. निघताना दारात त्या आणखी एक वाक्य बोलल्या. ते पुढे लिहितो. आत्ता लिहिलं तर माझं अक्षर बिघडेल, आणि गावच्या शाळेत गुरुजींनी मला दुसरं काही दिलं नसलं तरी अक्षर दिलं आहे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तरी लिहून ठेवतो, म्हणजे 'मला कुणी सांगितलं नाही' असं म्हणता येणार नाही.

साध्या हेडफोनला तीन तारा. डाव्या कानाची जाणारी, उजव्याची जाणारी आणि दोघांची मिळून एक परत येणारी. बॅलन्स्डला चार. प्रत्येक कानाची जाणारी वेगळी, येणारी वेगळी. मग त्याची पिन अडीच मिलिमीटरची असो, चार पॉइंट चारची असो, नाहीतर चार काड्यांची एक्सएलआर असो. अडीचची नाजूक, खिशात वाकते. चार पॉइंट चारची जाड, धट्टीकट्टी, हल्ली सगळे तीच मागतात. एक्सएलआर टेबलावरच्या मोठ्या अँपला, खटका लागून बसते, ओढली तरी निघत नाही. या तिघींत एकीची दुसरी करून देणं सोपं आहे. चार तारा चार जागी नेल्या की झालं. बॅलन्स्ड हेडफोन साध्या अँपला लावायचा असला, तरी दोन परतीच्या तारा एकत्र केल्या की चालतं, कारण अँपच्या आत त्या एकच असतात.

पण उलट चालत नाही. बॅलन्स्ड अँप परतीच्या तारांतूनही जोर लावत असतो, दोन्हींत वेगवेगळा. तिथं साधा हेडफोन लावला की त्या दोन तारा एकमेकींना चिकटतात आणि अँप स्वतःशीच झोंबत राहतो. एखादा तग धरतो, एखादा जळतो.

सर्वजोड हे नाव तुमचं. एका टोकाला साध्या पिनेसाठी सॉकेट, दुसऱ्या टोकाला तीन शेपट्या, अडीच, चार पॉइंट चार आणि एक्सएलआर. कोणताही हेडफोन, कोणताही अँप. तुम्ही टेबलावर आकृती काढत होतात आणि मी उभा होतो. मी म्हणालो, "दाजी, हा नेमका उलटा आहे. यानं अँप जातील."

तुम्ही मान वर केली नाहीत. "दादा, तुम्ही देवमाणूस. भोकात पिन गेली की गिऱ्हाइकाचं समाधान होतं. तारा कोण मोजतंय?"

"अँप मोजतो."

तुम्ही खो खो हसलात, चहा सांगितलात. म्हणालात, "बरं बाबा, बॅलन्स्ड अँपला लावू नये असं डब्यावर छापतो. झालं समाधान?" तसं छापलं असतं तर त्या तीन शेपट्यांना काही अर्थच उरला नसता, हे मला तेव्हाच खटकलं होतं. पण डबे तुमच्याकडे भरले जायचे. त्यावर काय छापलंय ते मी पहिल्यांदा गुरुवारी वाचलं, बाईंच्या टेबलावर. 'कोणत्याही अँपला बिनधास्त लावा.'

बिनधास्त. दाजी, या एका शब्दावर मी तीन दिवस चिडलेला आहे. सकाळी प्रार्थनेला बसतो, डोळे मिटतो, आणि देवाऐवजी तो डबा दिसतो. शुक्रवारी मी देवाला म्हणालो की हा राग तूच दिला आहेस, तर माझं पत्र लिहून होईपर्यंत तो परत नेऊ नकोस.

तरी अँप जळला हा माझा खरा राग नव्हे. अँप दुरुस्त होतो.

बाई दारात म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला डोळे तपासून घ्यायला सांगा. तिचं सोल्डर हल्ली चुकतं, असं तुमचे दाजीच म्हणाले मला. गरीब आहे बिचारी, रागावू नका तिच्यावर."

मी जिना उतरलो आणि खाली उभा राहिलो. कुठं जायचं ते सुचेना.

चिमीनं माझ्याच शेजारी बसून काम शिकलं. वर्षभरात माझ्यापुढे गेली. तिचा जोड मी डोळे मिटून, बोट फिरवून ओळखतो, दाण्यासारखा गोल, कुठं टोक नाही की भेग नाही. आणि गेली थंडी संपल्यापासून हीच चिमी भिंग लावून बसते. एक जोड दोनदा उसवते. "दादा, एकदा बघ रे, माझा भरवसा नाही," म्हणून प्रत्येक तार माझ्यापुढे धरते. चष्मेवाल्यानं सांगितलं की नंबर तोच आहे, तरी तिला पटत नाही. मला वाटलं, वयाचं काही असेल. तुम्ही तिला घरात काय काय ऐकवत होतात ते मला गुरुवारी कळलं.

आणि तुम्हाला माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणू नका. आपल्या गिऱ्हाइकांतल्या संगीत मास्तरांचा अँप सर्वांत आधी जळला, त्याच आठवड्यात तुम्ही मला म्हणालात, "दादा, आपल्या दुकानातल्या मोठ्या अँपला सर्वजोड लावू नका हं, आवाज बिघडतो." मी भाबडेपणानं हो म्हणालो. आपला अँप सांभाळलात, लोकांचे जळू दिलेत, आणि बोट दाखवायला मागच्या खोलीत बायको होतीच. पुढे बसून बोलणारे तुम्ही, आत बसून जोडणारी ती. गिऱ्हाइकानं तिचा चेहराही पाहिलेला नसतो. जिला कुणी पाहिलं नाही तिच्या डोळ्यांबद्दल काहीही सांगता येतं.

दुकानात आलो आणि तिच्यासमोर बाईंचा सर्वजोड कापून उघडला. प्रत्येक जोड जागच्या जागी, तुमच्या आकृतीबरहुकूम.

तिनं भिंगातून पाहिलं. "हे माझंच आहे?"

"तुझंच."

"नीट आहे?"

"माझ्याच्यानं झालं नसतं इतकं."

"मग जळलं कसं?"

"आकृतीच तशी आहे. तू नीट जोडलंस म्हणून जळलं."

तिनं भिंग पुन्हा त्या जोडावर धरलं. मग म्हणाली, "त्यांना माहीत होतं?"

मी कापलेला तुकडा उचलून टेबलाच्या कडेला सरकवला. तुम्ही तिचे नवरे, मी भाऊ, दोघांच्या मधे बोलू नये हेच मी आजवर धरून चाललो.

"गप्प बसू नकोस, दादा. आमच्या घरात मी एकटी गप्प बसते तेवढं पुरे आहे."

मी हो म्हणालो.

ती रडली नाही. भिंग बाजूला ठेवलं, सोल्डरची गन तापायला लावली आणि संध्याकाळपर्यंत सात तारा केल्या. एकही मला दाखवली नाही.

तुम्ही तिच्याशी काय बोलायचं ते तुम्ही ठरवा. तुमच्या घरात मी येणार नाही. फोनवर तिला हसवायचा प्रयत्न मात्र करू नका. तिनं ऐकून घेतलं तर मला वाईट वाटेल आणि नाही घेतलं तर तुम्हाला.

दुकान माझं आहे, म्हणून दुकानापुरतं मी केलं ते कळवतो. सर्वजोड घेतलेल्या प्रत्येकाला काल मी स्वतः फोन केला. तो वापरू नका, परत आणा, चूक आकृतीची आहे, आकृती माझ्या दाजींची आहे आणि माझ्या बहिणीच्या कामात तसूभर दोष नाही, असं सांगितलं. बाईंना हे सांगायला त्यांच्या घरी गेलो. त्या म्हणाल्या, "मग तिलाच पाठवा ना एकदा. मला माफी मागायची आहे."

उरलेले सर्वजोड काल दुपारी कटरनं मधोमध तोडले. तुमच्याकडे प्रदर्शनासाठी नेलेले जे असतील ते तुम्ही तोडा. विकलेत तर त्या माणसालाही मी फोन करीन.

आणि आज सकाळी पुढच्या खोलीतलं तुमचं टेबल मी बाहेर काढलं. तुमचे कागद, पेन, पंखा, सगळं पेटीत नीट बांधून ठेवलं आहे, कधीही न्या. त्या जागी चिमीचं टेबल आणलं. खिडकीला तोंड करून, रस्त्यावरून दिसेल असं. ते पुढच्या खोलीत बोलायचं काम आता तुमच्याकडे नाही. माल विकायला दुसरं दुकान बघा.

टेबल लावून होतंय तोच एक जण तुटकी वायर घेऊन आला. इकडेतिकडे बघून विचारलं, "दाजी नाहीत?"

चिमी म्हणाली, "काम मी करते. दाखवा."

चिमीचा भाऊ